उंबरठ्याच्या आतला प्रचार

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माझ्या थोरल्या वहिनी महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या होत्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. मतदानाच्या आदल्या दिवशी पहाटे डेअरीवर दूध घालायला गेलेला पुतण्या किटलीबरोबर एक पिवळे पत्रक घेऊन परतला. रात्रीतून ते गावभर दारांच्या फटींतून आत सरकवलेले होते. पत्रकावर छापखान्याचे नाव नव्हते आणि काढणाऱ्याचेही नव्हते. खाली फक्त ‘एक जागरूक ग्रामस्थ’ असे छापले होते. मजकूर जेमतेम दहा ओळींचा होता. त्यात गळक्या पाण्याच्या टाकीबद्दल, स्मशानभूमीच्या रस्त्याबद्दल किंवा थकलेल्या घरपट्टीबद्दल एक अक्षरही नव्हते. होते ते माझ्या पुतणीच्या मोडलेल्या सोयरिकीबद्दल, ती का मोडली असावी याविषयीची तीन प्रश्नचिन्हे, आणि जिला स्वतःचे घर सांभाळता आले नाही ती गाव काय सांभाळणार, हा शेवट.

पुतणी तेव्हा वीस वर्षांची होती. ती उमेदवार नव्हती, प्रचारात फिरत नव्हती. मतदार यादीत तिचे नाव होते, एवढाच तिचा त्या निवडणुकीशी संबंध होता. वहिनी निवडून आल्या. पुतणी मात्र त्यानंतर दोन वर्षे जत्रेला गावी आली नाही.

निवडणुका आल्या की ‘प्रचाराची पातळी घसरली’ हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता तरी सोन्याचा काळ असतो, ज्यात म्हणे पुढारी एकमेकांना ‘माननीय’ म्हटल्याशिवाय तोंड उघडत नसत. मला हा सोन्याचा काळ कुठेच सापडलेला नाही. माझे मामा संयुक्त महाराष्ट्र समितीचे कार्यकर्ते होते. सभेच्या आठवणी सांगताना ते आचार्य अत्र्यांची वाक्ये जशीच्या तशी म्हणून दाखवत, आणि त्या वाक्यांत ‘माननीय’ हा शब्द माझ्या कानी कधीही पडला नाही.

तो काळ थोडा उलगडून सांगायला हवा, कारण आजच्या चिखलफेकीपेक्षा तो मला जास्त शिकवतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात आणि महाराष्ट्र मिळून विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. त्याच महिन्यात अत्र्यांनी ‘मराठा’ हे दैनिक काढले. पुढची साडेतीन वर्षे, म्हणजे १ मे १९६० पर्यंत, ‘मराठा’चा अग्रलेख आणि शिवाजी पार्कवरचे भाषण ही मराठी माणसाची दोन आवडती व्यसने होती. मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील यांना अत्र्यांनी ‘सदोबा’ करून टाकले होते. यशवंतरावांनी फलटणला, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंची बाजू घेऊ अशा अर्थाचे विधान केले होते, आणि त्या एका विधानापायी समितीच्या सभांतून त्यांना ‘सूर्याजी पिसाळ’ ठरवण्यात आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, आणि खुद्द मुख्यमंत्री कऱ्हाडमधून थोडक्या मतांनी वाचले.

सूर्याजी पिसाळ ही मराठीतली साधीसुधी शिवी नव्हे. रायगडच्या फितुरीचा तो शिक्का आहे, आणि इतिहासाने पुढे यशवंतरावांच्या पदरात जे माप टाकले ते पाहता तो त्यांच्यावर अन्यायाने मारला गेला, असेच माझे मत आहे. तरीही त्या शिवीला मी वैयक्तिक हल्ला म्हणणार नाही. ती एका जाहीर विधानाला दिलेली होती. यशवंतरावांनी जे केले, जे बोलले, ज्या पदावर ते बसले, त्याचा तो कडवट, अतिशयोक्त, पण राजकीयच निवाडा होता. त्याला उत्तर देणे त्यांना शक्य होते, आणि ते त्यांनी आपल्या पद्धतीने, काम करून, दिलेही.

याच दोघांची दुसरी एक हकीकत आमच्या भागात आजही सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक तिचा तपशील बदलतो, पण गाभा तोच राहतो. भाषणाच्या ओघात अत्र्यांनी एकदा यशवंतरावांच्या निपुत्रिक असण्यावर टोमणा मारला. यशवंतरावांनी त्याला जाहीर सभेत उत्तर दिले नाही. त्यांनी अत्र्यांना खासगीत एवढेच कळवले की बेचाळीसच्या चळवळीत आपण भूमिगत असताना वेणूताईंना जे सोसावे लागले, त्याच्याशी या अपत्यहीनतेचा संबंध आहे. लग्नाला काही महिनेच झालेल्या वेणूताईंना त्या काळात तुरुंगवासही घडला होता. ते ऐकून अत्रे हादरले आणि वेणूताईंसमोर उभे राहून त्यांनी माफी मागितली, असा या हकिकतीचा शेवट आहे. ती शब्दशः अशीच घडली का, यापेक्षा ती साठ-पासष्ट वर्षे लोकांच्या तोंडी का टिकली, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ज्या लोकांनी ‘सूर्याजी पिसाळ’वर टाळ्या पिटल्या त्यांच्याच मुलानातवंडांनी ही हकीकत जपली आहे, म्हणजे पहिली शिवी चालते आणि दुसरा टोमणा चालत नाही हा फरक आपल्या लोकांना कोणी शिकवावा लागलेला नाही.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती हीच. प्रचारातील सभ्यता म्हणजे गुळमुळीतपणा, असे आपण फार सहज धरून चालतो, आणि मग ‘आक्रमक’ व ‘सभ्य’ अशी जोडी लावून उमेदवाराला दोहोंपैकी एक निवडायला सांगतो. वास्तविक टीका किती तिखट आहे याचा सभ्यतेशी फारसा संबंध नाही. ती कोणत्या दाराने आत शिरते याच्याशी आहे. माणसाने चारचौघांत जे केले त्यावर कितीही कठोर बोलावे. त्याचे शरीर, त्याचा आजार, त्याचा जन्म, त्याचे मूल असणे वा नसणे, त्याच्या घरातल्या बायकामुली या गोष्टी त्याने केलेल्या नसतात. त्या त्याच्या वाट्याला आलेल्या असतात.

आपल्या आदर्श आचारसंहितेत हा भेद अगदी साध्या शब्दांत केलेला आहे. या संहितेची सुरुवात १९६० मध्ये केरळच्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी झाली, पुढे निवडणूक आयोगाने ती देशभर नेली आणि मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात तिचा धाक निर्माण झाला. इतर पक्षांवरील टीका त्यांची धोरणे, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि कार्य एवढ्यापुरतीच असावी. नेत्यांच्या वा कार्यकर्त्यांच्या सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खासगी जीवनावर टीका करू नये, असे तिच्या सर्वसाधारण आचरणाच्या भागातच म्हटले आहे. एखाद्याची मते पटत नाहीत म्हणून त्याच्या घरासमोर निदर्शने करू नयेत, कारण शांततेने घरात राहणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असेही त्याच भागात आहे. संहिता लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घर होते, हे मला फार बोलके वाटते.

अडचण अशी की या संहितेला स्वतःचे दात नाहीत. ती कायदा नव्हे. दात आहेत ते लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) ला. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी, खोटे असल्याचे माहीत असताना किंवा खरे असल्याचा विश्वास नसताना, त्याच्या यशाला बाध येईल असे खोटे विधान उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने कोणी प्रसिद्ध केले, तर ते ‘भ्रष्ट आचरण’ ठरते आणि त्यापायी निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. १९६० च्या दशकापासून सर्वोच्च न्यायालय या कलमाचा अर्थ लावताना माणसाचे सार्वजनिक वा राजकीय चारित्र्य आणि त्याचे वैयक्तिक चारित्र्य यांत भेद करत आले आहे: राजकारणी म्हणून कोणाला नालायक ठरवणे वेगळे आणि माणूस म्हणून त्याच्या चारित्र्यावर खोटा डाग लावणे वेगळे. शिवाय कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. न छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा लोकसभा-विधानसभांचा आहे, ग्रामपंचायतीला तो थेट लागू होत नाही, त्यामुळे आमच्या पिवळ्या पत्रकाला त्याचा काही उपयोग नव्हता. पण असता तरी काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

फारसे काही झाले नसते. कलम १२३(४) खोट्या विधानाला पकडते, आणि पुतणीची सोयरीक खरोखरच मोडलेली होती. पत्रकातील बाकीचा मजकूर प्रश्नचिन्हांत होता. प्रश्नचिन्ह हे विधान आहे असे सिद्ध करायला वकील लागतो. शिवाय कलम बोलते ते उमेदवाराविषयीच्या विधानाबद्दल. उमेदवाराच्या मुलीला हे कलम ओलांडून गेले तर तिने कोणाकडे जावे? निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका करायची, फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा द्यायचा, आणि निकाल लागेपर्यंत बहुतेक वेळा पुढची निवडणूक दारात उभी. त्यातही हे करायचे ते हरलेल्याने किंवा एखाद्या मतदाराने. जिंकलेल्याला याचिकेचे कारणच उरत नाही. म्हणजे खासगी आयुष्याविषयी जी गोष्ट खरी आहे पण सांगायची नाही, तिला हा कायदा अडवत नाही. तिला अडवते ती संहिता, आणि संहितेचे उल्लंघन झाले की हाती येते ती नोटीस, ताकीद, फार तर काही तासांची प्रचारबंदी.

या प्रचारबंदीचे उदाहरण म्हणून एप्रिल २०१९ घेता येईल. उत्तर प्रदेशातील रामपूरमध्ये समाजवादी पक्षाचे आझम खान यांनी प्रतिस्पर्धी उमेदवार जयाप्रदा यांच्याविषयी अंतर्वस्त्रांपर्यंत पोहोचलेली भाषा वापरली आणि आयोगाने त्यांना ७२ तास प्रचारापासून दूर ठेवले. ती निवडणूक त्यांनी लाखाहून अधिक मताधिक्याने जिंकली. बंदी लागू झाली, आणि मतपेटीवर तिचा काडीचाही परिणाम दिसला नाही.

महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दोन्ही बाजूंनी असे प्रसंग घडले, आणि दोन्ही मला एकाच माळेतले वाटतात. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे खासदार अरविंद सावंत यांनी मुंबादेवीच्या उमेदवार शायना एन. सी. यांच्या संदर्भात ‘माल’ हा शब्द वापरला. त्या मतदारसंघाबाहेरून आलेल्या उमेदवार आहेत, हा आक्षेप राजकीय होता आणि तो घेण्याचा सावंतांना पूर्ण अधिकार होता. त्या आक्षेपासाठी निवडलेला शब्द मात्र बाजारातला होता. गुन्हा नोंदवला गेला, सावंतांनी खेद व्यक्त केला. दुसरीकडे जतच्या सभेत सदाभाऊ खोत शरद पवारांवर टीका करताना थेट त्यांच्या चेहऱ्यावर आले. २००४ मध्ये झालेल्या तोंडाच्या कर्करोगानंतर तो चेहरा तसा आहे, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पवारांच्या साठ वर्षांच्या राजकारणात टीका करण्याजोग्या जागा कमी आहेत असे त्यांचे समर्थकही म्हणणार नाहीत. तरी वक्त्याला चेहरा सुचला. खोत यांनीही दिलगिरी व्यक्त केली, पण त्या प्रकरणात मला लक्षात राहिली ती दुसरी गोष्ट: अजित पवारांनी, खोत यांच्याच आघाडीत आणि काकांच्या विरोधात ऐन लढाईत असताना, त्या वक्तव्याचा जाहीर निषेध केला. त्यामागे घरचा जिव्हाळा होता की बारामतीच्या मतांचा हिशेब, हे ज्याचे त्याने ठरवावे. आयोगाच्या नोटिशीने जे साधत नाही ते आपल्याच बाजूच्या माणसाने ‘हे चालणार नाही’ म्हटल्याने थोडेफार साधते, कारण वक्त्याला हव्या असतात त्या टाळ्या आपल्याच बाजूच्या असतात.

इथे एक उलटी लबाडीही नोंदवली पाहिजे. टीका झोंबली की ‘वैयक्तिक टीका नको’ म्हणून हात वर करणारे पुढारी मी पुष्कळ पाहिले आहेत. सहकारी बँक बुडवली असे म्हटले की वैयक्तिक, मुलाला तिकीट का असे विचारले की वैयक्तिक, शपथपत्रातली मालमत्ता पाच वर्षांत कशी फुगली असे विचारले की तेही वैयक्तिक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निकालांनंतर उमेदवाराला स्वतःवरील फौजदारी प्रकरणे, शिक्षण आणि पत्नी वा पती व अवलंबितांसह मालमत्ता शपथेवर जाहीर करावी लागते. जे शपथपत्रात आले ते चव्हाट्यावर आले. त्यावर विचारलेला कोणताही प्रश्न खासगी नाही. कोणी घरात बायकोला मारहाण केली आणि गुन्हा दाखल झाला, तर तो ‘आमचा घरगुती मामला’ म्हणून उंबरठ्यामागे लपू शकत नाही. उंबरठा आतल्या दुर्बळाच्या रक्षणासाठी असतो, मारणाऱ्याच्या आडोशासाठी नव्हे. घराणेशाहीवर बोलताना मुलाचे नाव घ्यावेच लागते, कारण तो मुलगा स्वतःच मंचावर येऊन बसलेला असतो. मंचावर न आलेल्या मुलीची गोष्ट वेगळी.

बोचरे बोलूनही उंबरठ्याबाहेर राहता येते, याला मुंबईच साक्षी आहे. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस या तरुण कामगार पुढाऱ्याने त्याच स. का. पाटलांना गाठले. पाटील अजिंक्य आहेत हा सगळ्या शहराचा समज होता. जॉर्ज यांच्या प्रचाराने तो समजच हातात धरला आणि ‘तुम्ही पाटलांना हरवू शकता’ असे मतदारांना सांगितले. मुंबईच्या या अनभिषिक्त राजाचा पराभव झाला, आणि त्यासाठी कोणाच्या घरात डोकवावे लागले नाही. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, पाण्यासाठीच्या आंदोलनांमुळे ‘पाणीवाली बाई’ म्हटल्या जाणाऱ्या मृणाल गोरे लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गल्लोगल्ली झाली. आणीबाणीच्या रागाने पेटलेल्या लोकांनी केलेली ही घोषणा. इंदिरा गांधींच्या वैधव्यावर किंवा मुलांवर ती सहज घसरू शकली असती. ती पाण्याच्या नळावर थांबली, आणि म्हणूनच आजही कोणाच्याही देखत म्हणता येते.

बायकांच्या बाबतीत हा उंबरठा जरा जास्तच ठिसूळ असतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या, आणि गावोगावी अशा बाया उभ्या राहिल्या ज्यांची सार्वजनिक कारकीर्द म्हणावी असे मागे काहीच नव्हते. पुरुष उमेदवाराचे वाभाडे काढायला विरोधकाला सोसायटीचे थकीत कर्ज, मोडलेले पॅनेल, गेल्या खेपेचा पक्षबदल असे काही तरी सापडते. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाईकडे घर सोडून दुसरे काही दाखवायला नसते, म्हणून घरच ओढून पारावर आणले जाते. पूर्वी त्याला पिवळे पत्रक आणि रात्रीचे दोन पोरगे लागत. आता एक व्हॉट्सअॅपचा गट पुरतो, आणि मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ एवढेच लिहिलेले असते. जागरूक ग्रामस्थाला तेवढीही सही करावी लागत नाही.

आता त्या पिवळ्या पत्रकाच्या दिवसाकडे परत जातो, कारण त्या दिवसाचा एक भाग मी आजवर कुठे लिहिलेला नाही. पत्रक कोणी काढले हे दुपारपर्यंत गावाला कळले होते. आमच्या पॅनेलची पोरे संध्याकाळी माझ्याकडे आली. मी मराठीचा शिक्षक, गणपतीच्या मेळ्यासाठी पदे लिहिणारा, तेव्हा उत्तर मीच लिहावे असा त्यांचा आग्रह होता. समोरच्या उमेदवाराचा भाऊ दारू पीत असे आणि त्याची बायको माहेरी निघून गेली होती, हे सगळ्यांना माहीत होते. मी नाही म्हणायला हवे होते. मी दार लावून बसलो आणि अर्ध्या तासात चार ओळी लिहिल्या. त्यात ‘माहेर’ आणि ‘बाहेर’ यांचे यमक साधले होते, आणि शेवटच्या ओळीत दारूच्या बाटलीवर असा श्लेष जमला होता की वाचून दाखवल्यावर पोरांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. अपमान झालेल्या घरात बसून मी त्या क्षणी अतिशय खूश होतो. अत्र्यांना तो टोमणा मारताना काय वाटले असेल हे मला त्या दिवशी कळले: समोरचा माणूस दिसतच नाही, दिसते ते फक्त जमलेले वाक्य.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी कागद मागून घेतला आणि उभ्यानेच वाचला. “भाऊजी, ती माहेरी गेलेली बाई उद्या मत द्यायला गावात येणार आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. कागद घेऊन त्या आत गेल्या. चुलीवर पाणी तापत होते. पोरे थोडा वेळ घुटमळली आणि निघून गेली.

त्या चार ओळी मला अजून तोंडपाठ आहेत.